मेन बंद आहे

मशीन थांबलं तेव्हा मी चहाचे कप विसळत होते. आईच्या ऑक्सिजनच्या मशीनला एक घरघर होती, जुन्या फ्रीजसारखी. चालू असताना ती ऐकूही यायची नाही, पण थांबली की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. पाठोपाठ मशीनची बारीक शिटी सुरू झाली आणि मी ओल्या हातानंच वळले.

आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. नाकाखालची नळी तिनं दोन बोटांत धरली होती.

"लाईट गेली का गं?"

"नाही, आहे की."

डोक्यावरचा दिवा चालू होता. छतातला छोटा पंखाही फिरत होता. मी मशीनचं बटण दोनदा दाबलं. पिन काढून ओट्यावरच्या सॉकेटमध्ये लावली. तिथंही काही नाही. किटली लावून बघितली, मोबाइलचा चार्जर लावून बघितला. एसीही मुका झाला होता. दिवे जिवंत आणि सगळी सॉकेटं मेलेली, हे मला काही उमगेना.

"अण्णा!" मी दारातून ओरडले. "अण्णा, आत या लवकर!"

पहिल्यांदा मी कोपऱ्यातला छोटा सिलिंडर ओढला, नळी त्याला जोडली आणि चावी फिरवली. आईनं एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि मान हलवली. सिलिंडर पुरणार होता, पण फार वेळ नाही. तो फक्त प्रवासासाठी आणलेला होता.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. आम्ही तिघं तेव्हा उजनीच्या काठावर एका कॅरॅव्हॅनमध्ये उतरलो होतो. कॅरॅव्हॅन म्हणजे जीपच्या मागं जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. भानुदास बंडगर नावाच्या शेतकऱ्यानं ती कुठून तरी विकत आणून आपल्या उसाच्या पलीकडं, पाण्याच्या अगदी जवळ उभी केली होती. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना तो ती भाड्यानं द्यायचा. मे महिन्यात तिकडं कुणी फिरकत नाही. आम्ही गेलो, कारण आईनं हट्ट धरला होता.

आईचं माहेर उजनीच्या पाण्यात गेलं होतं. लग्न होऊन ती बार्शीला आली आणि थोड्याच वर्षांत धरण भरलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर गावातल्या देवळाचा कळस वर येतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिची फुफ्फुसं कडक होत चालली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं, आणि आईनं माझा चेहरा बघून ते ओळखलं होतं. त्यानंतर एके दिवशी ती फोनवर म्हणाली, "मला माझं गाव बघायचंय. तू ये. आपण तिघंच जाऊ."

अशा वेळी नाही कोण म्हणणार? मी विमा कंपनीतल्या नोकरीतून चार दिवसांची रजा घेतली, मुलीला नवऱ्याच्या स्वाधीन केलं, गाडी काढली आणि बार्शीहून दोघांना घेऊन आले. आईला चार पावलंसुद्धा झेपत नव्हती. कॅरॅव्हॅनच्या दारापर्यंत गाडी जात होती आणि आत मशीन लावायला सॉकेट होतं, म्हणून ही जागा.

अण्णा आत आले. माझे वडील मल्लिनाथ शेटे, बार्शीच्या आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवून निवृत्त झालेले. माझं नाव विद्युल्लता ठेवणारा माणूस दुसरा कुठला असणार? सगळे मला विजू म्हणतात. अण्णांच्या हाताखालून गेलेली मुलं अजूनही रस्त्यात गाडी थांबवून त्यांच्या पाया पडायची.

"सॉकेटं बंद, दिवे चालू?" त्यांनी एकदा वर बघितलं, एकदा मशीनकडं. "साधं आहे. दिवे बॅटरीवर आहेत. पलंगाखाली बॅटरी असते अशा गाडीत, मोटारीसारखी. सॉकेटं बाहेरच्या लाईनवर. म्हणजे बाहेरची लाईन आत पोचत नाहीये. घाबरायचं नाही."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी खाली बसले. अण्णा वायरींविषयी बोलायला लागले की लहानपणापासून मला असंच वाटायचं. आता सगळं ठीक होणार.

"टेस्टर आणा अण्णा, आहे ना तुमच्याकडं?"

"टेस्टरशिवाय मी कुठं जातो का?" त्यांनी शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला.

दाराजवळच्या छोट्या पेटीत बटणं होती. त्यांनी ती बघितली, एकेक खाली-वर केली. एकही पडलेलं नव्हतं. मग गुडघ्यावर बसून ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. टेस्टर पेटला.

"अरेच्चा, करंट तर आहे," मी म्हणाले.

"थांब." त्यांनी टेस्टर दुसऱ्या छिद्रात घातला. तिथंही पेटला. ते माझ्याकडं बघून हसले. वर्गात एखाद्या मुलाला कोड्यात पकडताना हसायचे तसेच. "दोन्हीकडं पेटतोय. सांग बरं, काय झालं असेल?"

"अण्णा, ही परीक्षेची वेळ आहे का?"

"न्यूट्रल तुटलाय. करंट येतोय, पण त्याला परत जायला वाट नाही. मशीनमधून फिरून तो दुसऱ्या तारेत येऊन उभा राहतोय. टेस्टर पेटणार, पण काम काही होणार नाही. आणि हे सगळ्यात धोक्याचं असतं, कारण माणसाला वाटतं लाईन मेलीय."

"मग आता?"

"आता शोधायचं, कुठं तुटलाय. सॉकेटमध्ये, पेटीत, बाहेरच्या प्लगात, नाहीतर तिकडं बंडगरांच्या बोर्डात. एका टोकाकडून जायचं. सोडायचं काही नाही."

मी बंडगरांना फोन लावला. ते इंदापूरला लग्नात होते. मागं बँड वाजत होता. "लाईट चालू आहे म्हणता ना ताई?" ते ओरडून म्हणाले. "मग काय नाही, मी आलो की बघतो." त्यांना बॅटरीचं समजावता समजावता फोन कट झाला.

"आई, आपण गाडीत बसू," मी म्हणाले. "भिगवणला दवाखाना आहे. सिलिंडरवर तिथपर्यंत आरामात जाऊ."

"नाही."

"उगाच कशाला..."

"मी कुठं जात नाही. तुझे अण्णा करतायत ना? तू त्यांच्याबरोबर राहा." तिनं डोळे मिटले, परत उघडले. "त्यांच्याबरोबर राहा विजू."

मला राग आला. आल्यापासून तिचं हेच चाललं होतं. देवळाचा कळस दिसतो म्हणून मी पहिल्याच दिवशी तिला खिडकीजवळ बसवलं, पडदा सरकवला. दूर पाण्यातून काळपट दगडाचं एक टोक वर आलं होतं आणि त्यावर पाणकावळे बसले होते. आईनं बघितलं, हात जोडले, आणि पडदा ओढून घ्यायला सांगितला. ऊन लागतं म्हणे. एवढ्या लांब आलो ते काय पडदा लावून बसायला? शिवाय ती बोलायची थांबत नव्हती. डॉक्टरांनी कमी बोला सांगितलेलं, आणि मी अण्णांना काहीही विचारलं की उत्तर हीच द्यायची. "अण्णा, सकाळी काय खाल्लंत?" की आई, "उपीट खाल्लं." "अण्णा, पाटीलसरांची तब्येत कशी आहे?" की आई, "ते गेले ना मागच्या वर्षी." धाप लागायची, तरी बोलायची. शेवटी मी म्हणाले होते, "आई, त्यांना तोंड आहे. बोलू दे की त्यांना." त्यावर ती गप्प झाली होती आणि अण्णाही गप्प झाले होते.

अण्णांनी सॉकेटचं झाकण काढलं. आतल्या तारा घट्ट होत्या. "इथं ठीक आहे," असं म्हणून झाकण परत लावलं आणि बाहेर गेले. मी आईच्या सिलिंडरवरचा काटा बघितला. खिडकी उघडली. बाहेरची झळ आत आली म्हणून लगेच बंद केली. एसी नसल्यानं पत्र्याची ती खोली तापायला लागली होती. मी एका वर्तमानपत्रानं आईला वारा घालत बसले, मग उठले, परत बसले.

अण्णा परत आले आणि त्याच सॉकेटपाशी गुडघ्यावर बसले. टेस्टर एका छिद्रात घातला, मग दुसऱ्यात.

"दोन्हीकडं पेटतोय," ते माझ्याकडं बघून हसले. "सांग बरं, काय झालं असेल?"

मला वाटलं ते गंमत करतायत, आईचा ताण हलका व्हावा म्हणून. "न्यूट्रल तुटलाय," मी म्हणाले.

"शाब्बास! लक्षात आहे की पोरीच्या!"

आणि त्यांनी झाकणाचा स्क्रू काढायला घेतला.

"अण्णा, ते बघून झालं ना? बाहेरचं काय निघालं?"

"बाहेरचं?" त्यांचा हात थांबला. "बाहेरचं... बघतो ना. पद्धत असते विजू. एका टोकाकडून जायचं. सोडायचं काही नाही."

झाकण त्यांनी काढलंच. आतल्या तारा बघितल्या, "इथं ठीक आहे" म्हणाले, झाकण लावलं आणि बाहेर गेले. मी आईकडं बघितलं. ती छताकडं बघत होती.

मला एक शंका आली, पण तिच्यामागं जायला फुरसत नव्हती. सिलिंडरचा काटा उतरत होता. मी अण्णांच्या मागं बाहेर गेले. उसाच्या कडेनं गरम वारा सुटला होता आणि पाण्याला चिखलाचा वास येत होता. अण्णा कॅरॅव्हॅनभोवती फेऱ्या मारत होते, नुसत्याच. एक हात पत्र्यावर ठेवून चालायचे, मागच्या कोपऱ्यावर थांबायचे, परत फिरायचे.

"काय शोधताय?"

"ते हे गं... बाहेरची वायर जिथं लागते ते."

ते त्यांच्या समोर होतं. आईच्या खिडकीखाली, पत्र्याला बसवलेला जाड निळा प्लग आणि त्यातून निघून उसाकडं गेलेली काळी केबल. मी बोट दाखवलं. ते लगबगीनं वाकले, प्लगला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

"गरम! विजू, सापडलं. बघ, हात लावून बघ, फक्त वरून. आतला स्क्रू ढिला पडलाय. एसीचा लोड, ढिला स्क्रू, तापून तापून तार जळलीय. इथंच आहे तुझा न्यूट्रल."

खरंच प्लगची एक बाजू चिकट, तपकिरी झाली होती आणि जळक्या रबराचा वास येत होता. मघाची भीती एकदम उतरली. म्हातारा माणूस, बायकोचा जीव टांगणीला, एखाद्या वेळी गोंधळ होणारच. सापडलं ना पण त्यांनाच!

"मी मेन बंद करून येतो," ते म्हणाले. बंडगरांचा बोर्ड उसापलीकडं पंपाच्या शेडमध्ये होता, इथून दिसत नव्हता. ते गेले. मी आत जाऊन त्यांची हत्यारांची पिशवी आणली. ते आले तेव्हा कपाळावरचा घाम पुसत होते.

"झालं. बस इथं. ते बारीक स्क्रू मला दिसत नाहीत आता. तू उघड, मी सांगतो."

मी प्लग ओढून काढला. केबलचं टोक मांडीवर घेतलं, स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि पहिला स्क्रू फिरवला. मागचं झाकण निघालं. आत तीन तारा होत्या, त्यातली एक काळीठिक्कर जळलेली.

"तीच," अण्णा वाकून म्हणाले. "धर बोटानं आणि हळूच ओढ. निघेल."

"विजू."

आईचा आवाज. खिडकी तिनं आतून उघडली होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त जाळीवर टेकलेली बोटं दिसत होती.

"विजू, थांब."

"काय गं? दोन मिनिटं थांब ना, होतच आलंय."

"मेन बघून ये."

"अण्णा आत्ताच बंद करून आले."

"मेन बंद आहे," अण्णा म्हणाले. जरा चिडूनच. "मी स्वतः बंद केलाय. तू पड बघू आत."

"विजू." तिला धाप लागली होती. प्रत्येक शब्दामागं ती थांबत होती. "तू... स्वतः... बघून ये. तोवर हात लावू नको. माझी शपथ आहे."

माझी आई शपथा घालणारी बाई नव्हती. मी केबलचं टोक खाली दगडावर ठेवलं आणि उसाच्या बांधावरून निघाले. चिडले होते. मनातल्या मनात म्हणत होते, अण्णांचा असा अपमान कशासाठी? चाळीस वर्षं या माणसानं दुसऱ्यांना हेच शिकवलं. ढेकळांत पाय मुरगळला, तसा आणखी राग आला.

पंपाच्या शेडचं दार उघडं होतं. आत अंधार होता आणि त्या अंधारात बोर्डावरचा लाल दिवा स्वच्छ पेटलेला होता.

मी तिथं किती वेळ उभी राहिले सांगता येणार नाही. मेनचा लोखंडी दांडा वर होता, चालूकडं. मी दार नीट बघितलं, दुसरा कुठला बोर्ड आहे का बघितलं. नव्हता. बाहेर मऊ मातीत अण्णांच्या चपलेचे ठसे शेडच्या दारापर्यंत आले होते, आणि तिथून वळून परत गेले होते. एक ठसाही आत नव्हता.

ती जळकी तार ओढताना शेजारच्या जिवंत तारेवर माझं बोट पडलं असतं. मी वाकलेली, ओल्या जमिनीवर बसलेली. आणि अण्णा समोर उभे राहून मला सांगत होते, धर, हळूच ओढ.

मी दांडा खाली ओढला. दिवा विझला. मग लहानपणी त्यांनीच शिकवलेलं आठवलं आणि पांढऱ्या चिनी मातीचे दोन्ही फ्यूज उपसून हातात घेतले. काम करणाऱ्यानं फ्यूज स्वतःजवळ ठेवायचा, म्हणजे मागून येऊन कुणी लाईन चालू करू शकत नाही.

परत आले तेव्हा अण्णा केबलशेजारी उकिडवे बसले होते. मी मेन चालू होता म्हणाले नाही, बंद होता म्हणाले नाही. पण फ्यूज खिशात टाकायचं मी विसरले होते. अण्णांची नजर माझ्या हातावर गेली आणि तिथंच राहिली. फ्यूज कशासाठी काढतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"टेस्टर लावून बघ," ते हळू म्हणाले. "बंद केल्यावरसुद्धा आधी टेस्टर लावायचा. मी मघाशी सांगायला पाहिजे होतं."

टेस्टर पेटला नाही. मी कामाला लागले.

त्यानंतरचं काम कसं झालं ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. "अण्णा, प्लग उघडलाय, जळकी तार बाहेर काढलीय. आता?" असं विचारलं की ते क्षणात सांगायचे, "जळकं सगळं काप. चमकदार तांबं दिसेपर्यंत काप." कापलं. "अण्णा, कापून झालं, तांबं दिसतंय. आता?" "आता सोल. पीळ दे. दुमडून दुपदरी कर, म्हणजे स्क्रूला पकड मिळेल." त्यांना सगळं येत होतं. एकही गोष्ट चुकली नाही. फक्त आपण कुठवर आलो, हे त्यांच्यापाशी राहत नव्हतं. मी जरा गप्प राहिले की ते इकडं तिकडं बघायला लागायचे, पिशवीतलं एक हत्यार काढायचे, परत ठेवायचे. म्हणून मी बोलतच राहिले. झालेलं सगळं मोठ्यानं सांगायचं आणि पुढचं विचारायचं. खिडकीवरची आईची बोटं हलली नव्हती. ती ऐकत होती.

"स्क्रू आवळला अण्णा."

"ओढून बघ."

"निघत नाही."

"मग झालं. झाकण लाव, प्लग बसव. एसी लावायचा नाही आता, नुसतं मशीन."

मी जाऊन फ्यूज बसवले, दांडा वर केला आणि बांधावरून पळत परत आले. दारापर्यंत पोचायच्या आतच ती घरघर ऐकू आली. आत जाऊन मी नळी सिलिंडरवरून काढून मशीनला जोडली. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात गेला होता. आईनं डोळे मिटले. तिच्या ओठांचा निळसरपणा जाईपर्यंत मी तिचा हात धरून बसले.

अण्णा बाहेरच राहिले. जास्तीची केबल नीट गुंडाळून ठेवतो म्हणाले.

बऱ्याच वेळानं आई डोळे न उघडता म्हणाली, "कळलं?"

"कधीपासून आहे हे?"

"दोनेक वर्षं. आधी किल्ल्या, नावं. मग एकदा गॅस. बँकेत जायला निघाले आणि रस्ता विसरून गणपतीच्या देवळात बसून राहिले. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं घरी आणून सोडलं. मी म्हणाले, यांना देवदर्शनाचं वेड आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"फोन कुणाच्या हातात असतो? त्यांच्या. आणि फोनवर झकास बोलतात ते. अडले की मी बाजूला बसून एकेक शब्द पुरवते. तुला कसं कळणार?" तिनं दम घेतला. "आणि नुसतं सांगून तुला पटलं नसतं. मुलींना बापाविषयी असलं पटत नाही. डोळ्यांनी बघावं लागतं."

मी खिडकीकडं बघितलं. पडदा ओढलेला होता.

"आई, म्हणून आपण इथं आलो?"

"चार दिवस तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडायचं होतं मला. बार्शीला तू आलीस की तास-दोन तास बसतेस, पाहुणी असतेस. ते छान कपडे घालून बसतात. गाव बघायचंय म्हटल्यावर तू रजा घेतलीस."

"आणि गाव?"

"गाव बघितलं की. कळस दिसला. बास." मग किंचित हसली. "मशीन बंद पडेल हे मात्र माझ्या मनात नव्हतं. एवढी काही मी नाटकी नाही."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही फुटलं. तिनं माझा हात दाबला.

"मी गेल्यावर कोण पुरवणार गं त्यांना शब्द?"

मी तिच्या नाकाखालची नळी नीट केली. तिला उत्तर नकोच होतं. थोड्या वेळानं तिला झोप लागली, तसं मी तोंड धुतलं आणि बाहेर पडले.

ऊन कललं होतं. जास्तीची केबल गुंडाळून, दोरीनं बांधून, पायरीशेजारी ठेवलेली होती. अगदी वर्गात ठेवायचे तशी नेटकी. अण्णा पाण्याच्या कडेला एका उलट्या होडीवर बसले होते. मी शेजारी बसले. मी विचार करत होते, यांना काय सांगायचं, कसं सांगायचं, डॉक्टरकडं न्यायचं तर काय निमित्त काढायचं.

"मेन चालू होता ना?" ते म्हणाले.

मी पाण्याकडं बघत राहिले.

"खरं सांग विजू. फ्यूज बघितले मी तुझ्या हातात."

"हो अण्णा. चालू होता."

"मला अजूनही दिसतंय, मी तो दांडा खाली ओढला. त्याचं लोखंड तापलेलं होतं, हाताला चटका बसला, हेसुद्धा आठवतंय." त्यांनी तळहात उघडून त्याच्याकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. "तार धर म्हणालो मी तुला."

"झालं गेलं आता. मला काही झालं नाही."

"तुला काही झालं असतं तर तेही मी विसरलो असतो का गं?"

मी त्यांचा उघडा तळहात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. लांबून रानात कुणीतरी मोटरसायकल सुरू केली, तो आवाज विरेपर्यंत ते थांबले. मग माझ्याकडं वळून, हलक्या आवाजात, कुणी ऐकत नाही ना असं मागं बघत, म्हणाले,

"एक कर. तुझ्या आईला यातलं काही कळू देऊ नकोस."

मी मागं वळून आईच्या खिडकीकडं बघितलं.

"तिला काही माहीत नाही. मी सांभाळून असतो तिच्यासमोर. ती बोलते, मी मान हलवतो, भागतं. तिला वाटतं मी पहिल्यासारखाच आहे. आता या अवस्थेत तिला कळलं तर ती माझीच काळजी करत बसेल. शांतपणे जाऊ दे तिला."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

"शब्द दे."

"दिला अण्णा."

आत गेले तेव्हा आई जागी होती. काय म्हणत होते, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, बंडगरांचं वायरिंग कसं भिकार आहे ते सांगत होते. आई म्हणाली, "ते बरोबरच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच परत जायचं म्हटलं. रजा शिल्लक होती, पण माझंही तिथं मन लागत नव्हतं. गाडीत ती पुढं बसली, अण्णा मागं. वाटेत मी त्यांना काही विचारलं की आई उत्तर द्यायची, धाप लागेस्तोवर. मी तिला एकदाही थांबवलं नाही.

महिन्याभरात दोघांना मी पुण्याला माझ्या घरी आणलं. आईला दवाखाना जवळ हवा, असं अण्णांना सांगितलं. आईला काही सांगावं लागलं नाही. ती पुढच्या संक्रांतीपर्यंत होती. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी दोघांच्या मध्ये बसायची. आई बोलायची, अण्णा मान हलवायचे. एकमेकांपासून काहीतरी लपवल्याचं समाधान दोघांच्याही चेहऱ्यावर दिसायचं, आणि मी एकाकडं बघितलं तर दुसऱ्याकडं बघायचं टाळायची.

अण्णा तिच्यानंतर सहा वर्षं होते. हळूहळू नावं गेली, मग घर गेलं. शेवटी शेवटी मला ते "मॅडम" म्हणायचे. पण आईच्या जाण्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, बाल्कनीत मी भाजी निवडत बसले असताना, ते अचानक स्वच्छ नजरेनं माझ्याकडं बघून म्हणाले, "विजू, तिला शेवटपर्यंत कळलं नाही ना गं?"

"नाही अण्णा. काहीच कळलं नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि माझ्या हातातली मेथीची जुडी घेऊन निवडायला लागले.